रोमन नाणी ओळखण्याची ऑनलाइन सूची: छायाचित्रापेक्षा अक्षरांवर भर

'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' ही अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राचीन जगाच्या अभ्याससंस्थेसह उभारलेली विनामूल्य सूची आहे. ती 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या ग्रंथमालेच्या क्रमांकांवर बेतलेली असून पहिला सम्राट ऑगस्टसपासून इ.स. 491 मध्ये निधन पावलेल्या सम्राट झेनोपर्यंतचे नाणेप्रकार तीत येतात. नाण्याचे छायाचित्र चढवून आयते उत्तर मिळवू पाहणाऱ्याची येथे निराशा होईल. सम्राट, टांकसाळ, धातू, मागील बाजूवरची देवता आणि नाण्यावर कोरलेल्या लेखातील अक्षरे निवडत शोध आवळत न्यावा लागतो, आणि मला हाच तिचा मोठा गुण वाटतो.

चौथ्या शतकातील झिजलेले छोटे तांब्याचे नाणे घ्यावे. कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातील बापलेकांचे चेहरे जवळपास एकसारखे कोरलेले आहेत, नावेही 'कॉन्स्टान'पर्यंत एकच आहेत; पुढे 'टिनुस', 'टिउस' की नुसता 'स', यावर सम्राट ठरतो आणि नेमकी तीच अक्षरे पुष्कळदा पुसलेली असतात. म्हणून सूचीत मागील बाजू आधी भरावी. 'ग्लोरिया एक्सर्कितुस', म्हणजे सैन्याचे वैभव, या लेखासह दोन सैनिकांमध्ये दोन ध्वजदंड दिसले, तर नाणे साधारण 330 ते 335 मधले असते. एकच ध्वजदंड असेल तर ते त्यानंतरचे. मग तळरेषेखालची अक्षरे पाहावीत. तेथे 'टी आर पी' असेल, तर नाणे आजच्या जर्मनीतील ट्रियर येथील टांकसाळीच्या पहिल्या कार्यशाळेतले. हीच अक्षरे पहिल्या-दुसऱ्या शतकातील नाण्याच्या गोलाकार लेखात आली, तर मात्र ती सम्राटाचा ट्रिब्यूनचा, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचा, अधिकार दर्शवतात, आणि तो दरवर्षी नव्याने मोजला जात असल्याने पुढच्या आकड्यावरून वर्षही काढता येते. अशा बारकाव्यांची समज वापरणाऱ्याकडेच हवी. सूची ती शिकवत बसत नाही.

बर्लिन आणि ब्रिटिश म्युझियम यांसारख्या संग्रहांतील नमुने नोंदींना जोडलेले असल्यामुळे पडताळणी सोपी जाते, मात्र अनेक प्रकारांना अजून छायाचित्र नाही. नाणे अस्सल की नकली, त्याची किंमत किती, हे येथे विचारूच नये. लेख ग्रीक लिपीत असेल, तर ते नाणे बहुधा प्रांतिक टांकसाळीचे असते. त्यासाठी 'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज' ही वेगळी ऑनलाइन सूची उघडावी.