छपाई उत्तम, मजकूर नापास

जळगावात फ्लेक्स छापून देणाऱ्या एका गजबजलेल्या दुकानातून आमच्या भरीत केंद्राचा फलक नुकताच करून घेतला. छपाईला नावे ठेवायला जागा नाही: रंग स्वच्छ उतरले आहेत, लोखंडी चौकट भक्कम आहे आणि काम कबूल केलेल्या वेळी हाती आले. तक्रार आहे ती मजकुराची.

लिहून दिले होते 'भरीत', नमुन्यात आले 'भरित'. मराठी अकारान्त शब्दाची उपान्त्य वेलांटी दीर्घ आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणजे 'भरीत' पण 'भरिताची', हा शाळेतला नियम. चूक दाखवल्यावर ती सुधारली, पण त्या झपाट्यात 'भरिताची वांगी' हेही 'भरीताची' होऊन आले. त्याहून मासलेवाईक निघाला एक स्वल्पविराम. 'शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा' या ओळीत तो 'शेव'नंतर जाऊन बसला आणि खानदेशच्या शेवभाजीची शेव वेगळी, भाजी वेगळी झाली.

दोष एकट्या संगणकचालकाचा नाही. तेथे अजूनही जुने फॉन्ट वापरतात. त्यांत मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर जसाच्या तसा बसत नाही, म्हणून तो सगळा पुन्हा टंकावा लागतो आणि टंकलेले वाचून पाहणारा कोणी नसतो. भिंतीवरच्या नमुन्यांत 'हार्दीक शुभेच्छा' आहेतच, शिवाय 'कवियत्री बहिणाबाई'ही आहेत. ज्या जिल्ह्यातील विद्यापीठाच्या नावातच २०१८ पासून 'कवयित्री' हा शब्द आहे, तेथे ही चूक अधिक खटकते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी नामफलक सक्तीचा केला आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असेही बजावले. त्या अक्षरांच्या शुद्धलेखनाची काळजी मात्र ज्याची त्याने घ्यायची आहे.

नमुना मंजूर झाल्यावर दुकान जबाबदारी घेत नाही, तशी पाटी गल्ल्याजवळ आहे (तिची सुरुवात 'सुचना' अशी होते). तेव्हा येथे जरूर जावे, परंतु प्रत्येक दुरुस्तीनंतर केवळ बदललेला शब्द न पाहता संपूर्ण नमुना पहिल्यापासून वाचावा आणि मगच होकार कळवावा. छपाईला पाचपैकी चार गुण, मजकुराला एक.