मराठी बोलणारं एआय ॲप : आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. जूनपासून फोनवर मराठी बोलणारं एक एआय ॲप पैसे भरून वापरतेय. बाहेरगावच्या ऑर्डरींना हिंदी-इंग्रजीत उत्तरं लिहून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दिवाळीच्या गर्दीत फार उपयोग झाला.

मला सांगायचंय ते त्याच्या आवाजाबद्दल. आवाज बाईचा, मऊ, मध्येच श्वास घेतल्यासारखा थांबणारा. "हो ताई, बघते हं." सासूबाईंचं तेलुगू मिसळलेलं मराठीही त्याला कळतं. त्या त्याला रोज विचारतात, "जेवलीस का गं?"

ऑक्टोबरमध्ये मी विचारलं, बाराशेच्या चादरीला जीएसटी किती? "१२ टक्के, ताई." नक्की ना? "हो, मी तपासलंय." लातूरच्या गिऱ्हाइकाचं चाळीस चादरींचं बिल तसंच केलं. दोन दिवसांनी त्यांच्या अकाउंटंटचा फोन आला : २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगाला ५ टक्केच, त्यासाठीची आधीची हजाराची मर्यादा गेली. जादा लावलेला कर कमी करणारी क्रेडिट नोट काढावी लागली. लाज वाटली ती वेगळीच.

आमचे दिवाणजी तीस वर्षं हिशेब बघतात, तरी त्यांची बेरीज मी पुन्हा करून बघते. मग इथे का नाही बघितली? "तपासलंय" म्हणणाऱ्याने वही उघडलेली असते, हे आपण धरूनच चालतो. ॲपने काहीच उघडलं नव्हतं.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा, माणसाशी संवाद करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मांडला. समोरच्याचीच वाक्यं प्रश्न करून परत करायची, एवढंच त्याचं काम. तो तयार होताना महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच एलायझाशी थोडं बोलणं झाल्यावर वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आणि एलायझाला आवाजही नव्हता, नुसती टाइप केलेली अक्षरं.

नोव्हेंबरपासून पैशांचे प्रश्न मी लिहूनच विचारते. उत्तर अक्षरांत आलं की डोळा आकड्यावर थांबतो, नियम कोणत्या तारखेचा हे विचारायचं सुचतं. ऐकताना आकडा बोलण्याबरोबर वाहून जातो.

सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. त्यांनी गुडघेदुखीची गोळी ॲपला विचारून घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात वाद झाला. "डॉक्टर दोन मिनिटं देतात, ही नीट ऐकून घेते," हे त्यांचं म्हणणं. ऐकून घेते हे खरंच आहे, मला भीती त्याचीच वाटते. गोळीचा विषय निघाला की आधी डॉक्टरांना फोन, असं ठरलंय. जानेवारीतल्या आमच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर दोनदा त्यांनी ते मोडलं.