कोल्हापूरचे रस्ते, ३२०डी आणि केडब्ल्यू व्हेरिएंट ३ : नऊ महिन्यांनंतर

नऊ महिने झाले, चौदा हजार किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही. शॉकअप बसवून आठ दिवसांत लिहिलेल्या कौतुकाला अर्थ नसतो, कारण जुने काढून नवे काहीही घातले तरी आठ दिवस छानच वाटतं. हे केडब्ल्यू कंपनीचे व्हेरिएंट ३ कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा संच, मी फेब्रुवारीत बसवले. त्यांनी एक उन्हाळा पाहिला, अख्खा पावसाळा पाहिला, आणि आता कारखान्यांची धुराडी पेटून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्यात.

गाडी २०१५ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, एफ३० पिढीतली. दोन लिटर डिझेल, १८४ हॉर्सपॉवर, ३८० न्यूटन मीटर टॉर्क, मागच्या चाकांना ताकद. मी ती सेकंडहँड घेतली. माझं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे आणि महिन्यातून तीन-चार वेळा पुण्याला जावं लागतं, म्हणून डिझेल. आणि रविवारी पहाटे पन्हाळ्याचा किंवा गगनबावड्याचा रस्ता मोकळा असतो, म्हणून ही गाडी. घरच्यांना मी दुसरं कारण कधी सांगितलं नाही, पण खरं कारण तेच.

अठ्ठ्याऐंशी हजारावर पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. त्याआधीपासूनच हायवेवर शंभरच्या पुढे गाडी लाटांवर डुलायची. सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर नाक खाली-वर, खाली-वर, आणि तिसऱ्या हेलकाव्याला जाऊन कुठे स्थिर. शहरात उलटं. खड्डा आला की दणका थेट मणक्यात. जोतिबाला जाताना आई मागे बसायची ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरूनच.

इथे पहिली गोष्ट सांगतो, जी मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. त्या दणक्यातला निम्मा दणका शॉकअपचा नव्हताच, रन-फ्लॅट टायरचा होता. हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर चालावा म्हणून त्या टायरची बाजूची भिंत जाड आणि कडक असते. आपल्या खड्ड्यांत ती भिंत वाकतच नाही. मी आधी २२५/५० आर१७ मध्येच साधे टायर टाकले आणि डिकीत पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवला. गाडी त्या एका बदलाने अर्धी सुधारली. तुमच्या गाडीवर अजून रन-फ्लॅट असतील तर कॉइलओव्हरचे पैसे खिशात ठेवा, आधी टायर बदला, महिनाभर चालवा आणि मग ठरवा.

माझं उरलेलं निम्मं दुखणं डुलण्याचं होतं. ते टायरने जात नाही.

निवड करताना मी दोन महिने घातले. पहिला पर्याय बिलस्टाइन बी६ : गाडीची मूळ स्प्रिंग तीच, फक्त शॉकअप चांगले. दुसरा बी१२, म्हणजे बी८ शॉकअप आणि आयबाखच्या थोड्या आखूड स्प्रिंगा. तिसरा बी१४ किंवा बी१६ कॉइलओव्हर. चौथा केडब्ल्यू, त्यात व्हेरिएंट १, २ आणि ३. पाचवा ओलिन्सचा रोड अँड ट्रॅक. काम उत्तमच, पण माझ्या बजेटच्या बाहेर गेला.

बिलस्टाइन मोनोट्यूब असतात. एकच नळी, तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. तेलाची उष्णता बाहेरच्या भिंतीतून थेट जाते, म्हणून लांब घाट उतरतानाही पकड ढिली पडत नाही. पुढचे उलटे बसवलेले असतात, म्हणजे आडव्या जोराला जाड भाग तोंड देतो. केडब्ल्यूचे ट्विनट्यूब. नळीत नळी, आतला दाब कमी, त्यामुळे पहिल्या काही मिलिमीटरची हालचाल मऊ. वर्तमानपत्राच्या कागदाएवढी उंच-सखल डांबराची ठिगळं असतात ना, ती त्यांना जास्त मानवतात, असं माझं मत बसून पाहिल्यावर झालं. पुण्यातल्या एका मित्राच्या गाडीत बी१६ आहेत, बेंगळुरूच्या एकाकडे व्हेरिएंट ३. दोन्हींत मी मागे बसून फिरलो. पुढे बसून नाही, मागे. घरचे मागेच बसणार.

व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलता येते. २ मध्ये रिबाउंड, म्हणजे दाबलेली स्प्रिंग उलगडताना तिला किती आवरायचं ते. ३ मध्ये कंप्रेशनही वेगळं, म्हणजे दबताना किती विरोध करायचा ते. बी१६ मध्ये दोन्ही एकाच खटक्यावर एकत्र बदलतात, दहा पायऱ्या. मला वेगवेगळं हवं होतं, कारण माझ्या दोन तक्रारी वेगवेगळ्या होत्या. डुलणं हे रिबाउंडचं दुखणं, दणका हे कंप्रेशनचं. दोन्ही एकत्र कडक केले की डुलणं थांबतं आणि दणका वाढतो. दुसरं कारण स्टेनलेस स्टीलचं. केडब्ल्यूची बाहेरची नळी स्टेनलेसची असते, त्यावर ट्रॅपेझॉइडल आटे आणि त्यावर फिरणारी चकती पॉलिमरची. रोज आटे पाडणाऱ्या माणसाला ते बघूनच पटलं. साधे बारीक आटे गगनबावड्याच्या पावसात चिखलाने एकदा धरले की पान्याने हलत नाहीत.

नाव कॉइलओव्हर असलं तरी या गाडीत ते फक्त पुढे खरं आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, स्प्रिंग शॉकअपवरच बसते. मागे पाच आर्मचं सस्पेन्शन, त्यात स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे. म्हणून मागे उंची बदलायची तर स्प्रिंगखालची वेगळी चकती फिरवायची. हे माहीत नसलं की माणूस किट उघडून बसतो आणि सामान अर्धं आलंय असं समजून फोनाफोनी करतो. मी केली. अजून एक : डिझेलचं नाक पेट्रोलपेक्षा जड, म्हणून कॅटलॉगमध्ये पुढच्या ॲक्सलच्या भाराप्रमाणे वेगळे नंबर असतात. गाडीच्या प्लेटवरचा आकडा बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आता उंची. इथे बहुतेक पोरं चुकतात, आणि मला हे मनापासून वाटतं म्हणून लांबवतो. कॉइलओव्हर म्हटलं की गाडी जमिनीला टेकवायची. भावा, गाडी जेवढी खाली, तेवढी शॉकअपच्या दांड्याला दबायला जागा कमी. ती संपली की बंपस्टॉप, म्हणजे रबराच्या ठोकळ्यावर आपटायचं. तिथे तुम्ही घेतलेल्या लाखांच्या शॉकअपला काही कामच उरत नाही. आणि आपल्याकडचे स्पीड ब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ ने पार व्हावा असा. कळे ते साळवण दरम्यान गावागावात जे आहेत ते फूट-दीड फूट रुंद आणि उंची गावकऱ्यांच्या रागाइतकी. पोरं शाळेला रस्ता ओलांडतात, त्यामुळे तो रागही बरोबर आहे.

मी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं होतं. आधी पुढे ३८५ मिलिमीटर, मागे ३७५. आता पुढे ३६८, मागे ३६२. किटमध्ये जेवढी वर ठेवता येते जवळपास तेवढी. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. चौघे बसलेत आणि डिकी भरली आहे, अशा गाडीने वाघबीळच्या वळणांवर नऊ महिन्यांत एकदाही ठोकळा लागल्याचा आवाज केला नाही. इंजिनाखालचं चेंबर एकदाही घासलं नाही.

बसवणं ही या गोष्टीतली वाईट आठवण. किट मी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बसवून घेतलं. चकचकीत जागा, कॉफी, सगळं. तिसऱ्या आठवड्यात मागून करकर सुरू झाली, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टक् असा आवाज. फोन केला तर "नवं आहे साहेब, बसेल." बसलं नाही.

शेवटी गाडी शिवाजी उद्यमनगरात अण्णांकडे नेली. साठीचे आहेत, आयुष्य ट्रकच्या पाट्यांत आणि शॉकअपमध्ये गेलं. त्यांनी गाडी उचलली, मागच्या आर्मच्या बुशवर बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं. बुशचं रबर पिळवटलेलं होतं, कपडा पिळून ठेवावा तसं. अण्णा म्हणाले, "गाडी लिफ्टवर टांगून बोल्ट आवळल्यात. चाकं लोंबत असताना आवळलं की रबर तिथंच धरतंय, मग गाडी खाली उतरली की जन्मभर पिळूनच ऱ्हातंय. गाडी चाकावर हुबी करायची, मग आवळायचं." सगळे बोल्ट ढिले केले, गाडी चार चाकांवर आपल्या उंचीला उभी केली, आत सिमेंटची दोन पोती ठेवली, आणि मग टॉर्क रेंचने आवळले. करकर तिथेच संपली. पुढचा टक् जुन्या टॉप माउंटचा, म्हणजे शॉकअप वर बॉडीला धरणाऱ्या बेअरिंगच्या बैठकीचा निघाला. वर्कशॉपने नव्या शॉकअपवर अठ्ठ्याऐंशी हजार चाललेली माउंटच परत बसवली होती. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर त्यात वाळू फिरल्यासारखं वाटायचं. नवी माउंट मागवून बसवली. पुन्हा अलाइनमेंट. हे सगळं मी दुसऱ्यांदा पैसे देऊन करून घेतलं, आणि त्याचं वाईट अजून वाटतं. किट घेताना पुढची टॉप माउंट, बंपस्टॉप आणि नवे एकदाच वापरायचे बोल्ट त्याच ऑर्डरमध्ये घ्या.

अलाइनमेंट एकदा लगेच आणि एकदा पाचशे किलोमीटरनंतर. स्प्रिंगा तोवर थोड्या बसतात. ज्यांच्याकडे झेनॉन दिवे आहेत त्यांनी दिव्यांच्या लेव्हलचा सेन्सरही कॅलिब्रेट करून घ्यावा. तो सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो आणि उंची बदलली की फसतो. माझ्या दिव्यांचा झोत पंधरा दिवस जमिनीवर पडत होता आणि मी काच पुसत होतो.

मग सेटिंग. यात मला खरा आनंद मिळाला. रिबाउंड-कंप्रेशनचे खटके पूर्ण आवळून बंद करायचे आणि तिथून मागे किती सोडले ते मोजायचे, नाहीतर दोन बाजू कधी सारख्या होत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि रस्ता तोच. माझा रस्ता ठरलेला : रंकाळ्यावरून निघून पन्हाळा, पहाटे सहाला. वहीत तारीख, टायरची हवा, खटके आणि एक ओळ. पहिल्या दिवशी मी रिबाउंड बरंच कडक केलं होतं. एका लाटेवर छान वाटलं, पण ओळीने चार-पाच खड्डे आले की गाडी हळूहळू खाली बसत जायची. कारण उघड आहे. स्प्रिंग उलगडायच्या आत पुढचा खड्डा येतो, म्हणून प्रत्येक खड्ड्याला जागा थोडी कमी उरते. दोन खटके सोडले आणि ते गेलं. कंप्रेशनच्या खटक्यांनी ब्रेक मारताना नाक किती दबतं आणि वळणात अंग किती झुकतं ते बदलतं. हे खटके कमी वेगाने दबण्यावर चालतात, आणि इथला वेग म्हणजे शॉकअपच्या दांड्याचा, गाडीचा नाही. खड्ड्याची धारदार कड दांड्याला झटक्यात ढकलते, तो जोर वेगळ्या झडपेतून जातो. म्हणून नाक आवरूनही खड्डा मऊ राहू शकतो. या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे मोजले, आणि ते मला वसूल झाले असं वाटतं.

हायवेवर आता लाट आली की गाडी एकदाच खाली जाते, एकदाच वर येते आणि थांबते. बस. पुण्याहून रात्री परत आलो की खांदे दुखत नाहीत.

पावसाळ्यात गगनबावड्याला सहा फेऱ्या झाल्या. दर फेरीनंतर घरी आल्यावर साध्या पाण्याच्या पाइपने आटे धुतले, जुन्या दात घासायच्या ब्रशने लाल माती काढली. ग्रीस लावलं नाही, ते माती धरून ठेवतं. ऑक्टोबरमध्ये चकती हाताने धरून बघितली तर पान्याशिवाय अर्धा आटा सरकली.

कागदपत्रांचं थोडक्यात : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते स्वतः वाचा. आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय काही बसवू नका. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

खर्च दुसऱ्यांदाच्या कामासकट तीन लाखांच्या घरात गेला. पैसा मोठा आहे. महिन्याला आठशे किलोमीटर, तेही राजारामपुरी ते शाहूपुरी चालवणाऱ्याने हे घेऊ नये. त्याला बी६ आणि साधे टायर पुरेसे आहेत, आणि ती गाडी खरंच सुंदर चालते. ज्याला गाडी फक्त खाली दिसायला हवी आहे त्यानेही घेऊ नये. ज्याची डिझेल सेडान आठवड्याला हायवे बघते, घाट बघते आणि मागच्या सीटवर घरचे बसतात, आणि ज्याला वही घेऊन पहाटे उठायचा कंटाळा नाही, त्याने जरूर घ्यावं.

सध्या पुढे रिबाउंड बंदपासून नऊ खटके, मागे दहा. कंप्रेशन पुढे आठ, मागे नऊ. साध्या टायरमध्ये हवा चौघे असताना पुढे ३३, मागे ३६. गेल्या रविवारी याच सेटिंगवर आईला जोतिबाला नेलं. वाडी रत्नागिरीच्या शेवटच्या चढाला आरशात पाहिलं, तर तिचे हात मांडीवर होते, सीटवर नव्हते.