शेवरोले ३१०० मध्ये २१६ च्या जागी २३५: काही महिने चालवल्यानंतर

१९४७ ते १९५३ च्या शेवरोले ३१०० पिकअपमध्ये २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन येतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये थेट ओतलेला बॅबिट (मऊ मिश्रधातू) असतो, आणि रॉडला ऑइल पूर्ण दाबानं न मिळता डिपरनं, म्हणजे रॉडच्या तळाच्या छोट्या पळीनं, उडवून मिळतं. गावातल्या रस्त्याला हे चालतं, पण अमेरिकेतल्या आजच्या हायवेवर ताशी ६० मैल धरून ठेवलं तर बॅबिट फार काळ टिकत नाही. १९५४ पासूनच्या २३५ घनइंचाच्या इंजिनात शेल बेअरिंग (बदलता येणाऱ्या पातळ वाट्या) आणि पूर्ण दाबाचं ऑइलिंग आहे, शिवाय बॉनेट उघडलं तर दिसायला जवळपास तेच इंजिन. व्ही-८ टाकण्यापेक्षा हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. फक्त १९५३ किंवा त्याआधीचं ट्रकचं २३५ गळ्यात मारून घेऊ नका, तेही बॅबिटवालंच असतं.

हा बदल म्हणजे नुसतं "बोल्ट काढा, बोल्ट लावा" असं सांगणाऱ्यांनी बहुधा १९५४ चं ट्रकचं इंजिन लावलेलं असतं. १९५५ नंतरचं घेतलं की पहिली अडचण वॉटर पंपाची. नवा पंप लांब आणि वर बसतो, त्यामुळे पंखा रेडिएटरला टेकायला येतो. अडॅप्टर प्लेट लावून जुना आखूड पंप बसवणं हाच सरळ उपाय. दुसरी अडचण पुढच्या माउंटची, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराची. त्यासाठी जुनी फ्रंट प्लेट हवी, पण ती टायमिंग गिअरच्या मागे असते, म्हणजे कॅमशाफ्ट बाहेर काढावा लागतो. हे काम इंजिन स्टँडवर असतानाच उरका.

बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचभोवतीचं कवच) २१६ चंच ठेवा, कारण मागचे माउंट त्याच्यावरच आहेत. त्याच्याबरोबर १३९ दात्यांचं जुनं फ्लायव्हील आणि ६ व्होल्टचा स्टार्टर ठेवावा लागतो. १२ व्होल्टच्या इंजिनाचं फ्लायव्हील १६८ दात्यांचं असतं; ते आणि हा स्टार्टर यांचं जमत नाही. गाडी १२ व्होल्टवर केली तर जुना स्टार्टर जोरात फिरतो, म्हणून स्टार्टरचं पायाचं बटण दाबून धरू नका. बेलहाउसिंगचं भोक डायल इंडिकेटरनं (सूक्ष्म फरक दाखवणारं मापयंत्र) तपासा. ०.००५ इंचापेक्षा जास्त वाकडं असलं की गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि दोष उगाच क्लचला जातो.

जुन्या ट्रकचा ऑइलच्या दाबाचा मीटर ३० पौंडांपर्यंतच असतो. थंड २३५ चा दाब त्याच्या वर जातो आणि काटा टोकाला चिकटून बसतो. ६० चा मीटर घ्या. व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन चालू ठेवा आणि प्रत्येक रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) ऑइल येतंय का बघा. वर जाणारा ऑइलचा मार्ग गाळानं तुंबतो, आणि रॉकर कोरडे पडले की टकटक सुरू होते. टॅपेट आवळून, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी करून, ती जात नाही. वापरलेलं हेड घेताना व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या भेगांसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या.

आता हौशीची बाजू. फेंटन कंपनीचे दुहेरी एक्झॉस्ट उत्तम, आवाजासाठी तरी घ्यावेत. दोन कार्ब्युरेटरांचा मॅनिफोल्ड मात्र मी पुन्हा लावणार नाही. एक्झॉस्टची ऊब मॅनिफोल्डला मिळत नाही, त्यामुळे थंडीत सकाळी इंजिन गुदमरतं. गरम पाण्याची प्लेट जोडल्याशिवाय सुटका नाही. दोन्हींची हवा सारखी करायला एअरफ्लो मीटर लागतो, आणि इतक्या खटाटोपानंतर रस्त्यावर जाणवणारा फरक थोडाच.

त्या पैशात मागच्या ॲक्सलचा गिअर बदला. ४.११ च्या गुणोत्तरावर २८ इंची टायरला ताशी ५५ मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे फिरतं. ३.५५ चा संच घातला की तेच २,३५० च्या आसपास येतं. त्यासाठी टॉर्क ट्यूब (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या शाफ्टभोवतीची नळी) काढावी लागते, हे काम कटकटीचं आहे. चढावर तिसऱ्यात थोडं रेटावं लागतं, बाकी तक्रार नाही.