रायटिंग सेंटर: तपासून देत नाहीत, तरी जा

आधीच सांगते, म्हणजे माझ्यासारखा भ्रमनिरास होणार नाही: विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे लिखाणाला मदत करणाऱ्या केंद्रात, तुमचं इंग्रजी कुणी तपासून देत नाही.

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात सिव्हिलमध्ये पीएचडी करते. पहिल्या सेमिस्टरला रायटिंग सेंटरमध्ये गेले ती या हिशोबाने, की अकरा पानं द्यायची आणि लाल शाईने भरून परत आणायची. वेगळे पैसे पडत नाहीत, मग सोडा कशाला!

ट्यूटर म्हणून समोर आली इतिहास शिकणारी विशीतली मुलगी. मातीच्या चाचण्यांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मनात म्हटलं, झालं कल्याण. तिने कागदांना हातही लावला नाही. म्हणाली, मोठ्याने वाच. तिसऱ्याच वाक्याला माझा दम संपला. पाच ओळी, त्यात तीन ‘विच’. मी थांबले तशी तिने विचारलं, तुला सापडलं काय? मी एका दमात सांगितलं, चुना मिसळला की ही चिकणमाती कमी फुगते. ‘हे कुठे लिहिलंयस?’ नवव्या पानावर. शाळेपासून हाताला लागलेलं वळण: आधी प्रस्तावना, मग मुद्दे, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. इथला वाचक नवव्या पानापर्यंत येतच नाही म्हणे.

हे न तपासणं म्हणजे आळस नव्हे, धोरण आहे. स्टीफन नॉर्थ या इंग्रजीच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८४ सालच्या एका लेखात मांडलं होतं, की सेंटरने लिखाणापेक्षा लिहिणाऱ्याला सुधारावं. ते आजही इथे प्रमाण मानतात. तत्त्व म्हणून ठीक, पण रात्री बाराला पेपर द्यायचा असतो तेव्हा नॉर्थसाहेबांचा राग येतो.

‘द’ कुठे लावायचा, हे मात्र त्या मुलीला सांगता आलं नाही. ‘कानाला बरं वाटतं म्हणून’ हे उत्तर मराठी कानाच्या काय कामाचं? त्यासाठी बाहेरून आलेल्यांना शिकवणारा दुसरा ट्यूटर घ्या. त्याने मला विचारायला शिकवलं: या वस्तूची वाचकाशी ओळख झाली आहे की नाही? निम्म्या चुका तिथेच गेल्या. रात्री-बेरात्री अडलात तर परड्यू विद्यापीठाचं ‘आऊल’ हे संकेतस्थळ आहेच. त्यांची रायटिंग लॅब १९७६ पासूनची, आणि तिची ही ऑनलाइन शाखा जगात कुणालाही फुकट वाचता येते.

पण खरी कमाल पुढच्या वर्षी कळली. मी लॅबच्या कोर्सला टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारी, होते. रिपोर्ट इतके वाईट, की आमचे गाइड वैतागून म्हणाले, या पोरांना लिहिताच येत नाही. आम्ही दोघं सेंटरच्या प्राध्यापकांसाठीच्या सल्ल्याला गेलो, गठ्ठा घेऊन. तिथल्या बाईंनी गठ्ठा बाजूला सारला आणि असाइनमेंटचा कागद मागितला. त्यात लिहिलं होतं, ‘निकालांची चर्चा करा’. चर्चा म्हणजे काय, असं त्यांनी आम्हाला वेगवेगळं लिहायला सांगितलं. गाइडनी लिहिलं: अपेक्षित आकड्याशी तुलना आणि फरकाची कारणं. मी लिहिलं: आलेख समजावून सांगणं. आणि मार्क मी देत होते! गाइड थोडा वेळ गप्प बसले. मग त्या एका ओळीच्या चार ओळी झाल्या. पुढच्या बॅचचे रिपोर्ट वाचण्याजोगे झाले; स्पेलिंग होतं तसंच.

तक्रार एकच, पण मोठी. पाऊण तासाची वेळ आणि सेमिस्टर संपताना एक जागा मिळेल तर शपथ. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीच बुक करून ठेवा. जाताना असाइनमेंटचा कागद न्या, नाहीतर दहा मिनिटं तो फोनवर शोधण्यात जातात. पाचपैकी चार.

गाइडनी आता स्वतःच्या ग्रँटच्या प्रस्तावासाठी मंगळवारची वेळ घेतली आहे. मोठ्याने वाचायला लावतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.