‘जर्मन’ लेन्स, घासलेली अक्षरे : लायका सीएलवाल्यांनी वाचून ठेवा

वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या पट्ट्यात फिल्मवर फोटो काढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. जुना माल हातात घेऊन पाहावा असे दुकान जवळपास नाही. मोबाइलवर जाहिरात पाहायची, पैसे पाठवायचे आणि पार्सलची वाट पाहायची, एवढेच आपल्या हाती. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. मला २६ हजारांना एक लेन्स कशी विकली गेली ते सविस्तर लिहितो, कारण तो माणूस अजून बाजारात आहे.

माझ्याकडे लायका सीएलची बॉडी आहे, लेन्स नसलेली. हा कॅमेरा १९७३ मध्ये आला. नाव लायकाचे असले तरी तो जपानात मिनोल्टाने बनवला. लहान, हलका, आणि खिडकीत फोटोची हद्द दाखवणाऱ्या ४०, ५० आणि ९० एमएमच्या चौकटी. मला तो हवा होता झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागाच्या, नाटकांसाठी. दिवाळी झाली की वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात, रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. (२०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचे नाव कळले, आमच्याकडे ते लहान पोरालाही माहीत असते.) रंगमंचावर दिवे भडक असतात, पण खरी मजा विंगेत आणि मेकअपच्या तंबूत असते आणि तिथे एखादा पिवळा बल्ब. ४०० ची फिल्म १६०० वर पुश केली, म्हणजे १६०० ची समजून फोटो काढले आणि जास्त वेळ धुतली, तरी निदान एफ २ ची लेन्स लागतेच (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त).

या कॅमेऱ्यासाठी पैसे वसूल करणारी लेन्स म्हणजे त्याच्याबरोबरच निघालेली ४० एमएम एफ २. लायकाची समिक्रॉन-सी किंवा मिनोल्टाची एम-रॉकर, दोन्ही चांगल्या. पण त्यांचेही भाव चढलेत, म्हणून मी लायका थ्रेडची, म्हणजे ३९ एमएम आट्यांची, ५० एमएम शोधत होतो. तेवढ्यात एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जाहिरात दिसली : ‘कार्ल झाइस येना सॉनार, ५ सेंमी, एफ २, लायका थ्रेड, युद्धकाळातील, अ‍ॅडॉप्टरसह.’

झाइस ही येना शहरातली नावाजलेली जर्मन कंपनी, सॉनार हे तिच्या लेन्सचे नाव. फोटो सुरेख होते. चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर लेन्स, समोरून आणि वरून. मागच्या बाजूचा एकही नाही. मी म्हटले, मागून टॉर्च मारून व्हिडिओ कॉलवर दाखवा. उत्तर आले, “सर, पॅक झाली आहे, उघडली तर सील जाईल.” तासाभराने दुसरा निरोप, “पुण्याचे एक गिऱ्हाईक थांबले आहे, तुम्ही विदर्भातले म्हणून तुम्हाला आधी विचारतोय.” पैसे ज्या यूपीआय खात्यावर मागितले ते तिसऱ्याच नावाचे, म्हणे बायकोचे खाते. सात दिवसांत परत घेऊ, हे त्याने लेखी दिले होते, आणि यातच सगळी मेख आहे.

डिजिटलवाला पार्सल उघडतो, दहा फोटो काढतो, स्क्रीनवर मोठे करून पाहतो. फिल्मवाल्याचे तसे नसते. रोल भरायला दिवस जातात, मग तो धुवायचा किंवा बाहेरगावी पाठवायचा, मग स्कॅन. निगेटिव्ह हाती येईपर्यंत ते सात दिवस कधीच उलटून गेलेले असतात. हा माणूस रेंजफाइंडरच्या, म्हणजे सीएलसारख्या वेगळ्या खिडकीतून फोकस करायच्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सच विकतो यामागे मला तेच कारण दिसते. रेंजफाइंडरच्या खिडकीतून लेन्समधले काहीच दिसत नाही. दोन प्रतिमा एकावर एक आल्या की आपण समजतो, फोकस झाला. काच आतून कशी बसवली आहे हे त्या खिडकीला कळायला मार्गच नाही.

निगेटिव्ह आल्या त्या अशा : तंबूत खलनायकाचे काम करणारा नट मिशी चिकटवत होता, दीड मीटरवर. फोकस डोळ्यावर. फोटोत डोळे मऊ, मिशी त्याहून मऊ, आणि मागे दोरीवर टांगलेल्या शेल्यावरचे जरीकाम मात्र एकेक तार मोजावी इतके स्पष्ट. एफ २ वर ५० एमएमचा फोकस दोन मीटरवर जेमतेम वीतभर जाडीचा असतो, दीड मीटरवर त्याच्याही निम्मा. पूर्ण रोल असाच.

आरमोरीला एक जुने स्टुडिओवाले काका आहेत. तरुणपणी ते दुर्गला कामाला होते. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, तिथे आलेल्या रशियन इंजिनिअरांचे कॅमेरे दुरुस्तीला त्यांच्याकडे येत. त्यांनी लेन्स हातात घेतली, वजन पाहिले आणि म्हणाले, “बाबू, हे जर्मन नोहोय. असे लेन्स मी भिलाईत ढिगाने पायले.” मग टेबललॅम्प आडवा केला आणि नावाची रिंग लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, धरली. ‘कार्ल झाइस येना’च्या खाली धातू किंचित खोलगट झालेला, घासून पुन्हा काळा रंग दिलेला. आणि एका ठिकाणी, रंगाच्या आतून, इंग्रजी आय आणि ओ मधल्या आडव्या रेघेने जोडावेत तसे एक अक्षर पुसट दिसत होते. रशियन लिपीत ‘ज्युपिटर’ त्याच अक्षराने सुरू होते.

ही ज्युपिटर-८. युद्धानंतर सोव्हिएतांनी येनाच्या झाइसचा सरंजाम नुकसानभरपाई म्हणून उचलून नेला, त्यात सॉनारची रचनाही गेली. ज्युपिटर-८ म्हणजे तीच रचना : सहा काचा, तीन गटांत. लेन्स म्हणून ती वाईट मुळीच नाही. पण ती मी दिलेल्या पैशाच्या कितीतरी खाली मिळते, आणि तीही आपल्या खऱ्या नावाने. सोव्हिएत लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात. तो नंबरही घासून नवा कोरलेला.

बनावट नावापेक्षा मला जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. काकांनी काचांचा गट फोकसच्या नळीतून बाहेर काढला. त्या दोहोंच्या मध्ये पातळ धातूच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात, आणि त्यांच्या जाडीवर फोकस ठरतो. इथे एकही नव्हती. रिंग घासायला लेन्स उघडली तेव्हा चकत्या कुठे गेल्या याची विकणाऱ्याला फिकीर नसावी. काच फिल्मच्या जास्त जवळ बसली, म्हणून फोकस मागे सरकला.

रोल न घालताही हे पार्सल आल्या दिवशी पकडता येते. सीएलची मागची बाजू खालच्या तळासकट पूर्ण निघते. फिल्म जिथे सपाट बसते त्या आतल्या रुळांवर बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, केबल रिलीज लावून शटर ‘बी’वर उघडे धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. रात्री गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर कॅमेरा धरा आणि लेन्स अनंतावर न्या. रेंजफाइंडरमध्ये दोन्ही दिवे एक झाले, आणि कागदावरचा ठिपकाही टोकदार आला, तर बरे. माझ्या लेन्सचे खिडकीत दिवे बरोबर जुळत होते, कागदावर मात्र लाल धब्बा. मग एक मीटरवर मेणबत्ती ठेवून तेच करा. रशियन लेन्स लायका बॉडीवर जवळच्या अंतरात थोडी चुकू शकते, पण ती अनंतावरच चुकत असेल तर कोणीतरी आत हात घातला आहे.

थ्रेडची लेन्स सीएलवर चढवणारी अ‍ॅडॉप्टरची रिंगही मोजून घ्या. थ्रेडची लेन्स फिल्मपासून २८.८ मिलिमीटरवर बसते, सीएलवर थेट बसणारी एम माउंटची २७.८ वर, म्हणजे रिंग बरोबर एक मिलिमीटर जाडीची हवी. गावातल्या लेथवाल्याकडे व्हर्निअर असतेच.

आणखी काही सापळे त्याच ग्रुपवर फिरताना दिसतात. ३९ एमएमच्या आट्या आहेत म्हणून झेनिट या सोव्हिएत एसएलआरच्या (लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्याच्या) लेन्स आणि डार्करूममध्ये फोटो मोठे करणाऱ्या एन्लार्जरच्या लेन्सही ‘लायका थ्रेड’ म्हणून विकल्या जातात. त्या बॉडीवर चढतात, पण रेंजफाइंडरशी त्यांचा काही संबंध नसतो. ज्युपिटर-१२ ही ३५ एमएम खरी असली तरी सीएलला नको. तिची मागची काच इतकी आत जाते की उजेड मोजणाऱ्या मीटरच्या हलत्या दांडीला लागू शकते. मिनोल्टाच्या २८ एमएम रॉकरमध्ये पुढच्या काचेमागे पांढरे ठिपके येतात, कॅननच्या ५० एमएम एफ १.८ मध्ये अ‍ॅपर्चरमागे धुके धरते. दोन्ही समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाहीत. मागचा फोटो आणि टॉर्चचा व्हिडिओ न देणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

विक्रेत्याला मी घासलेल्या रिंगचे फोटो पाठवले. उत्तर, “टेस्टिंगची मुदत संपली, शिवाय तुम्ही लेन्स उघडली.” नंतर नंबर ब्लॉक. १९३० या हेल्पलाइन नंबरवर सायबर तक्रार नोंदवली आहे. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी गडचिरोलीला दाखल आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि काकांचे लेखी मत जोडून. कागद आधीच जपून ठेवा. जाहिरात तो लगेच काढून टाकतो.

काकांनी पितळी पत्र्याच्या चकत्या कापून फोकस बसवून दिला, मजुरी फक्त चहाची घेतली. मधल्या काळात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा आली आहे. तोच चौकड्यांचा टेबलक्लॉथ, तेच फोटो, म्हणजे माझ्या घरी असलेल्या लेन्सचेच, आणि भाव आता ३१ हजार.