म्हाडाची २० टक्केवाली लॉटरी की महापालिकेचं पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) घर, फॉर्म कुठला भरायचा?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे दोन्हीकडचे फॉर्म मीच भरायला घेतले, तेव्हा जे कळलं ते लिहितेय. नवरा बायको मिळून महिन्याला २४ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ८८ हजार, पुण्यात पर्वती पायथ्याला एका खोलीत भाड्याने राहतात.

दोन्ही योजना भागीदारीतल्याच आहेत, फक्त भागीदार वेगळे. पीएमएवायमध्ये जागा महापालिकेची, केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं १ लाख अनुदान, उरलेले पैसे आपण भरायचे. हडपसर, खराडी, वडगावची घरं अशीच झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या चाव्या दिल्या. म्हाडाच्या २० टक्क्यांत ४ हजार चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बांधणाऱ्या बिल्डरला छोट्या घरांसाठी वाटा ठेवावा लागतो, त्याची लॉटरी म्हाडा काढते पण करारनामा बिल्डरशी आणि पैसेही बिल्डरलाच. हे भरपूर जणांना माहितीच नसतं आणि नंतर तक्रार घेऊन म्हाडात खेटे घालत बसतात.

पहिली चाळणी उत्पन्नाची. पीएमएवायच्या या घरांना वर्षाला ३ लाखांच्या आत, आणि देशात कुठंही पक्कं घर नको, म्हणजे गावाकडे नवऱ्याच्या नावावर असेल तरी फॉर्म बाद. म्हाडाला पुण्यात अत्यल्प गटाला ६ लाख आणि अल्प गटाला ९ लाखांपर्यंत चालतं, आणि घर नसण्याची अट फक्त त्या शहरापुरती. त्यामुळे दोघं कमावते असाल आणि ३ लाखांच्या वर जात असाल तर विचार करत बसूच नका, म्हाडाच.

जागेच्या बाबतीत म्हाडाकडे चॉइस जास्त, वाकड, पुनावळे, ताथवडे असं कुठं कुठं निघतं. महापालिकेचं जिथं आहे तिथंच. ताईंची कामं सगळी सहकारनगरात, खराडीला घर लागलं तर रोज दोन बस बदलून यायचं, सकाळची दोन घरं सुटणार, म्हणजे पगारच कमी होणार ना, आणि हप्ता तर भरायचाच आहे! घर स्वस्त आहे एवढंच बघून फॉर्म भरू नका, कामाच्या ठिकाणाहून एकदा बसने जाऊन बघा.

खरा घोळ लोनचा आहे. पगार हातात रोख, स्लिप नाही, इन्कम टॅक्सचा रिटर्न भरलेला नाही, मग बँक दारात उभी करत नाही. नंबर लागतो आणि पैसे वेळेत न भरल्यामुळे घर जातं, माझ्या ओळखीत दोघांचं असं झालंय आणि फार वाईट वाटलं. फॉर्मच्या वर्षभर आधीपासून पगार खात्यात घ्यायला लागा, दोघांचेही रिटर्न भरा.

मेंटेनन्सचंही आधी विचारा. बिल्डरच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये क्लबहाऊस वगैरेचा खर्च तुमच्या बिल्डिंगवर येतो का, पार्किंगचं वेगळं मागतात का. महापालिकेच्या इमारतीत सगळे आपल्यासारखेच, खर्च बेताचा, पण लिफ्ट बंद पडली की वर्गणी काढायलाही सगळेच अडतात.

ताईंना मी पीएमएवायच सांगितलं. उत्पन्न बसतंय, अनुदान मिळतंय, आणि घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. हडपसरचा पर्याय असेल तर पहिला तोच टाकायचा असं ठरवलंय, स्वारगेटवरून एकाच बसने जाता येतं, बदलावी लागत नाही.